जुन्या युनिक्स मशीनवर एक्स आणि डायल-अप: नव्याने हात घालणाऱ्यांसाठी

नाशिकच्या सातपूर किंवा अंबडमधल्या एखाद्या कारखान्यातून मोडीत निघालेला पेंटियम, त्यावर जुनं रेड हॅट किंवा स्लॅकवेअर लिनक्स, सोबत बाहेरून जोडायचा मोडेम. असा संच हाती आला की नवशिका आधी ग्राफिकल लॉगिन येतंय का ते बघतो, आणि वेळ तिथेच जातो. एक्स, म्हणजे पडद्यावर खिडक्या आणि चित्रं दाखवणारी प्रणाली, हा सगळ्यात वरचा थर. खालचं काही बिघडलेलं असलं तरी बोंब त्याच्याच नावाने होते. म्हणून सुरुवात टेक्स्ट कन्सोलवरून करा. रेड हॅटमध्ये लिलोच्या (मशीन सुरू होताना लिनक्स चढवणारा प्रोग्राम) प्रॉम्प्टला ‘लिनक्स ३’ टाइप केलं की मशीन साध्या लॉगिनवर थांबतं.

पहिली कमांड डीएफ, ती डिस्कवर किती जागा उरली ते दाखवते. टेम्प डिरेक्टरीचं पार्टिशन भरलेलं असेल तर एक्स उघडत नाही, आणि संदेशही धड कळत नाही. पावसाळ्यात वीज अचानक गेल्यावर टेम्पमध्ये एक्सची लॉक फाइल मागे राहते. एरवी एक्स ती स्वतःच काढून टाकतो. पण फाइलमधला प्रोसेस क्रमांक दुसऱ्याच प्रोग्रामला मिळालेला असला, तर ‘डिस्प्ले ० वर सर्व्हर आधीच चालू आहे’ अशा अर्थाची तक्रार येते. एक्स खरंच चालू नाही याची पीएसने (चालू प्रोग्रामची यादी देणारी कमांड) खात्री करा, मग ती फाइल काढा.

आता पडदा. एक्सफ्री८६ (पीसीवरचा एक्स) च्या चौथ्या आवृत्तीपासून लॉग फाइल व्हार डिरेक्टरीतल्या ‘लॉग’ या डिरेक्टरीत मिळते. त्यात कंसातल्या दोन ‘ई’ने सुरू होणाऱ्या ओळी शोधा. शेवटची ‘नो स्क्रीन्स फाउंड’ ही ओळ वाचून काही कळत नाही, खरं कारण तिच्या वर असतं. बहुतेक वेळा घोळ दोनच जागी निघतो. एक, कार्डाची मेमरी. १ एमबीच्या कार्डावर १०२४ बाय ७६८ हे रिझोल्यूशन ८ बिट रंगात बसतं (७,८६,४३२ बाइट), १६ बिटात त्याच्या दुप्पट जागा लागते. १६ बिट हवेच असतील तर ८०० बाय ६०० वर या, ९,६०,००० बाइटमध्ये काम होतं. दोन, मॉनिटरची आडवी वारंवारिता. ६० हर्ट्झला ६४० बाय ४८० साठी ३१.५ किलोहर्ट्झ, ८०० बाय ६०० साठी सुमारे ३८ आणि १०२४ बाय ७६८ साठी सुमारे ४८ लागतात. कॉन्फिग फाइलमध्ये मॉनिटरच्या मागच्या लेबलवरचेच आकडे घाला, अंदाजाने वाढवू नका. एलसीडी फार तर ‘आउट ऑफ रेंज’ दाखवून गप्प बसतो. जुन्या सीआरटीतून बारीक शिटी ऐकू आली तर लगेच बटण बंद करा, आतलं सर्किट जळू शकतं.

पेंटियमऐवजी सनचं स्पार्क मशीन मिळालं असेल तर पडदा काळा दिसण्याचं कारण भलतंच असू शकतं. कीबोर्ड जोडलेला नसेल तर ते कन्सोल ९६०० बॉडने पहिल्या सीरियल पोर्टवर पाठवतं. मॉनिटर बदलण्याआधी कीबोर्डची केबल बघा.

एक्स सुरू होतो, पण डेस्कटॉप यायला मिनिटं लागतात? ही तक्रार डिस्प्लेची वाटते, मूळ मात्र नेटवर्कमध्ये असतं. रिझॉल्व्ह फाइलमध्ये सेवादात्याचा नेमसर्व्हर (नावावरून पत्ता सांगणारा सर्व्हर) लिहिलेला, लाइन बंद, आणि मशीन स्वतःचंच नाव तिथे विचारत बसलेलं. होस्ट्स फाइलमध्ये १२७.०.०.१ समोर मशीनचं नाव घाला, आणि नेम सर्व्हिस स्विच फाइलमध्ये ‘फाइल्स’ हा शब्द ‘डीएनएस’च्या आधी आहे ना ते पाहा.

याच्या उलट गोष्टही होते. टेक्स्ट कन्सोलवर मोडेम नीट डायल करतो आणि एक्स सुरू केला की मुका होतो. अशा वेळी सीरियल माउस कॉम १ या सीरियल पोर्टवर आणि मोडेम (बाहेरचा नसून आत बसणारं कार्ड असेल तर) कॉम ३ वर असण्याची शक्यता मोठी. दोघांचाही इंटरप्ट (प्रोसेसरला हाक मारायची रेषा) ४, म्हणून टक्कर होते. मोडेमचा जंपर कॉम २, इंटरप्ट ३ वर न्या आणि बायोसमध्ये मदरबोर्डचा दुसरा पोर्ट बंद करा. पीसीआयवर बसणारा स्वस्त विनमोडेम (बरंचसं काम विंडोजच्या सॉफ्टवेअरवर सोडणारा मोडेम) असेल तर सरळ बाजूला ठेवा, त्यावर दिवस घालवण्यात अर्थ नाही.

मोडेम तपासायला मिनिकॉम हा टर्मिनल प्रोग्राम पुरे. ‘एटी’ या मोडेम कमांडला ‘ओके’ आलं नाही तर पोर्ट किंवा केबल चुकली. इथे सरळ केबल लागते, नल-मोडेम (पाठवायच्या आणि घ्यायच्या तारा अदलाबदल केलेली) चालत नाही. ‘नो डायलटोन’ आलं आणि ऑफिसात ईपीबीएक्स (अंतर्गत टेलिफोन एक्स्चेंज) असेल तर ‘एटीएक्स३’ द्या, बाहेरच्या लाइनच्या शून्यानंतर स्वल्पविराम टाका. त्यावर मोडेम साधारण २ सेकंद थांबतो. फोन फायबरच्या डब्यातून येत असेल तर मोडेमचा आवाज पॅकेटमध्ये तुटतो, मग दोष मशीनमध्ये शोधून उपयोग नाही. सराव करायचा तर दोन मशीन नल-मोडेम केबलने जोडा आणि पीपीपीडीला (सीरियल लाइनवरून नेटवर्क जोडणारा प्रोग्राम) ‘मोडेम’ऐवजी ‘लोकल’ पर्याय द्या.

पीपीपीडी ‘डीबग’ लावूनच चालवा आणि लॉग दुसऱ्या कन्सोलवर टेलने (फाइलच्या शेवटच्या ओळी दाखवणारी कमांड) उघडा ठेवा. ‘सीरियल लाइन इज लूप्ड बॅक’ म्हणजे पलीकडचं मशीन अजून लॉगिनवर आहे आणि तुमचेच बाइट परत पाठवतंय. डायल करून लॉगिन करणारी चॅट स्क्रिप्ट अर्धवट राहिली आहे. ‘नॉट रिप्लेसिंग एक्झिस्टिंग डिफॉल्ट रूट’ म्हणजे नेटवर्क कार्डाचा रूट (बाहेर जायचा मार्ग) आधीच बसलेला आहे. तो काढल्याशिवाय जोडणी होऊनही बाहेरचं काही उघडणार नाही. मग पिंग क्रमाने करा: आधी पलीकडच्या टोकाचा पत्ता, मग नेमसर्व्हरचा पत्ता, शेवटी नाव.

दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या चालल्या की एकत्र चालवा. मोठी फाइल उतरवायला लावा आणि एक्समध्ये खिडक्या ओढा. वेग कोसळला तर सीरियल पोर्टची चिप पाहा. १६४५० मध्ये एकाच बाइटचा बफर असतो, १६५५०ए मध्ये १६ बाइटचा. चिप बरोबर असूनही ओव्हररनचा (वेळेत न उचलल्यामुळे हरवलेल्या बाइटचा) आकडा वाढत असेल तर आयडीई डिस्क इंटरप्ट अडवून धरते. डिस्कच्या सेटिंग बदलणाऱ्या एचडीपार्म कमांडचा ‘यू१’ पर्याय त्यासाठीच आहे. मात्र सीएमडी६४० किंवा आरझेड१००० चिप असलेल्या बोर्डावर तो लावू नका, डिस्कवरचा डेटा खराब होऊ शकतो.