वेट वाइप्सवरचे ‘हिरवे’ दावे वाचताना या चुका टाळा

पाकिटावर हिरवे पान दिसले की पुढचे वाचन थांबवणे, ही वेट वाइप्स विकत घेणाऱ्यांची नेहमीची चूक आहे. प्रत्येक दावा नेमका कशाविषयी आहे, हे आधी पाहावे लागते: आतल्या कापडाविषयी, त्यात मुरवलेल्या द्रवाविषयी, वेष्टनाविषयी की कच्च्या मालाच्या उगमाविषयी. ‘९९ टक्के पाणी’ हे द्रवाचे वर्णन आहे आणि कापड शंभर टक्के पॉलिएस्टरचे असले तरी ते खरेच ठरते. तीन बाणांचा त्रिकोण बहुधा वेष्टनाच्या प्लास्टिकचा प्रकार सांगतो. एफएससी (जंगलांची जबाबदारीने जपणूक होते का, हे प्रमाणित करणारी संस्था) हिचे चिन्ह लाकडापासून केलेल्या धाग्याच्या किंवा नुसत्या खोक्याच्या पुठ्ठ्याच्या उगमापुरते असते. ‘डर्मेटॉलॉजिकली टेस्टेड’ म्हणजे त्वचेवर चाचणी केलेले, आणि या शब्दांचा पर्यावरणाशी काहीही संबंध नाही.

सर्वांत अधिक फसवणूक ‘बायोडिग्रेडेबल’ या एका शब्दाने होते, कारण किती काळात आणि कोणत्या परिस्थितीत विघटन होईल हे सांगितल्याशिवाय त्याला अर्थच नसतो. ऑस्ट्रियातील ट्यूव्ह ही संस्था ‘ओके कंपोस्ट इंडस्ट्रियल’ आणि ‘ओके कंपोस्ट होम’ अशी दोन वेगवेगळी चिन्हे देते, ती याच कारणासाठी. पहिल्याची चाचणी सुमारे ५८ अंश सेल्सिअसला होते आणि सहा महिन्यांत किमान ९० टक्के विघटन अपेक्षित असते. दुसऱ्याची २० ते ३० अंशांना होते आणि त्यासाठी बारा महिन्यांची मुदत असते. गॅलरीतल्या कुंडीत किंवा बादलीत केलेले खत ५८ अंशांवर आठवडेच्या आठवडे टिकत नाही, त्यामुळे पहिल्या चिन्हाचा वाइप तिथे टाकून महिन्याभराने तक्रार करणाऱ्यांची मला कीव येत नाही. शिवाय ही दोन्ही चिन्हे खताच्या ढिगापुरती आहेत. सांडपाण्याच्या नळाविषयी ती काहीच सांगत नाहीत.

नळाचा विषय निघाला की आमच्या गृहनिर्माण संस्थेतला प्रसंग सांगावाच लागतो. तळमजल्यावरच्या दोन घरांच्या संडासांतून ऐन गणपतीत घाण पाणी वर येऊ लागले. ड्रेनेजचा चेंबर उघडला, तेव्हा केस आणि स्वयंपाकाचे गोठलेले तेल यांत वळला गेलेला वाइप्सचा दोरखंड हाती लागला, आणि त्यातले बरेच वाइप्स फाटलेलेसुद्धा नव्हते. वरच्या मजल्यावरचे तरुण दांपत्य पाकीट घेऊनच खाली आले, कारण त्यावर ‘बायोडिग्रेडेबल’ आणि ‘फ्लशेबल’ (म्हणजे संडासात टाकून पाणी सोडले तरी चालेल) असे दोन्ही शब्द छापलेले होते. दरम्यान कोणीतरी ‘एखाद्या माणसाला आत उतरवू, लगेच काम होईल’ असे सुचवले. गटारात माणूस असा उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे आणि कायदा नसता तरी ते लाजिरवाणेच ठरले असते, म्हणून पाण्याच्या जोरदार झोताने नळ मोकळा करणारे जेटिंग मशीन येईपर्यंत सगळ्यांना वाट पाहावी लागली. घाईने सुचलेल्या उपायांविषयी माझे मत तेव्हापासून अधिकच कडक झाले आहे.

‘फ्लशेबल’ या शब्दावर ब्रिटनमध्येही विश्वास टिकला नाही. तिथल्या पाणीपुरवठा कंपन्यांच्या ‘वॉटर यूके’ या संघटनेने २०१९ मध्ये ‘फाइन टू फ्लश’ हे प्रमाणचिन्ह आणले आणि २०२४ मध्ये ते बंद केले. आता सर्वच वाइप्स कचऱ्यात टाका, असे तिथे सांगितले जाते. तरीही शंका असेल, तर दोन बाटल्यांत पाणी घेऊन एकीत टॉयलेट पेपर आणि दुसरीत वाइप टाकावा आणि दोन्ही सारख्याच जोराने हलवून कागदासारखा वाइपही सुटा होतो का, ते पाहावे. माझ्याकडे वाद घालायला येणाऱ्याच्या हाती मी या बाटल्याच देतो.

युरोपातून नातेवाइकांनी आणलेल्या पाकिटावर कासवाचे चित्र असते आणि अनेकांना तो वाइप कासवांसाठी सुरक्षित वाटतो. खरे तर ती ताकीद आहे: वाइपमध्ये प्लास्टिक असल्यास ते सांगणारे हे चिन्ह युरोपीय संघात जुलै २०२१ पासून सक्तीचे आहे. ‘बांबू’ हा शब्दही तपासून घ्यावा, कारण बांबूचे मऊ कापड बहुधा रसायनांत विरघळवून केलेले व्हिस्कोज असते. ते प्लास्टिक नसले तरी जाहिरातीत दाखवतात तितके निसर्गातून थेट आलेलेही नसते. घटकांच्या यादीत कापडाचा उल्लेख नसेल, तर वाइप पूर्ण वाळवून त्याचा लहान तुकडा चिमट्यात धरून मोकळ्या जागी जाळावा. कापूस आणि व्हिस्कोज यांची मऊ राख होते. पॉलिएस्टर आकसून वितळते आणि गार झाल्यावर त्याची कडक गुठळी उरते. मिश्र कापडात दोन्ही दिसते.

भारतात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये दिशाभूल करणाऱ्या पर्यावरणीय दाव्यांविषयी मार्गदर्शक तत्त्वे काढली असून, ‘इको-फ्रेंडली’सारख्या मोघम शब्दांना पुराव्याची आणि स्पष्टीकरणाची जोड देणे त्यांनुसार आवश्यक आहे. म्हणून मी कंपनीला एवढेच लिहून विचारतो की कापड कशाचे आहे, चाचणी कोणत्या मानकानुसार झाली आणि प्रमाणपत्र कुठे पाहता येईल. उत्तरादाखल पुन्हा हिरव्या पानाचे चित्र आले, तर ते पाकीट मी घेत नाही. तक्रार करायचीच असेल, तर ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

वापरलेला वाइप, त्यावर कोणतेही चिन्ह असो, वर्तमानपत्रात गुंडाळून सॅनिटरी कचऱ्यात द्यावा. पुण्यात अशा पुडीवर लाल ठिपका काढण्याची पद्धत आहे, त्यामुळे कचरावेचक ताईंना ती उघडून पाहावी लागत नाही.