प्रत्यार्पणाची बातमी कशी वाचायची

डेस्कवर आलेलं नवं पोरगं ‘दहशतवाद्याची हद्दपारी’ असं शीर्षक देऊन मोकळं झालं, की मी त्याला खाली चहाला नेतो. हद्दपारी म्हणजे त्या देशाला माणूस नकोसा झाला आणि त्यांनी त्याला हाकलला. प्रत्यार्पणात दुसरा देश माणूस मागतो, कोर्ट कागद तपासतं आणि मग अटी घालून सोपवतात. खरी बातमी त्या अटींत असते.

वाचताना ‘दहशतवाद’ हा शब्द आधी बाजूला ठेवा. सगळ्या देशांना मान्य अशी त्याची व्याख्याच नाही. भारतानं १९९६ मध्ये संयुक्त राष्ट्रांत सर्वसमावेशक कराराचा मसुदा मांडला, तो अजून तिथंच अडकलाय. स्वातंत्र्यलढा कुठं संपतो आणि दहशत कुठं सुरू होते, यावरच गाडी रुतते. काम चालतं ते एकेका कृत्यावरच्या वेगळ्या करारांवर: विमान पळवणं, ओलीस धरणं, बॉम्ब फोडणं, पैसा पुरवणं. म्हणून पहिला प्रश्न हा, की माणूस कोणत्या कागदावर आणला?

१९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांतला आरोपी अबू सालेम २००२ मध्ये पोर्तुगालमध्ये लिस्बनला सापडला, तेव्हा आपला पोर्तुगालशी प्रत्यार्पण करारच नव्हता. मग बॉम्बस्फोटांविरुद्धचा १९९७ चा आंतरराष्ट्रीय करार आणि ‘उद्या आम्हीही देऊ’ ही हमी, एवढ्यावर मागणी केली.

दुसरा प्रश्न: बदल्यात काय कबूल केलं? तत्कालीन उपपंतप्रधान अडवाणींनी लेखी दिलं, की फाशी नाही आणि २५ वर्षांहून जास्त कैद नाही. १९९३ च्या स्फोटांत २५७ माणसं गेली. मुंबईकराला हे झोंबणारच. पण ही हमी नसती तर तो आलाच नसता.

तिसरा प्रश्न: खटला कोणत्या कलमांखाली? ज्या गुन्ह्यांसाठी माणूस मागितला, त्यांच्यावरच तो चालवायचा असतो. सालेमवर जादा कलमं लागली, तेव्हा पोर्तुगालच्या न्यायालयानं प्रत्यार्पणच रद्द ठरवलं. पुढं २०१३ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीनं काही कलमं मागं घ्यावी लागली.

२६/११ च्या मुंबई हल्ल्यातला आरोपी तहव्वूर राणा अमेरिकेत होता. त्याचं भांडणही कलमांवरच होतं. २६/११ च्या कटातून शिकागोत २०११ मध्ये सुटलो, मग त्याच गोष्टीसाठी पुन्हा खटला कसा, असं तो म्हणत होता. अमेरिकी न्यायालयांनी कृत्य एक असलं तरी गुन्ह्यांचे घटक, म्हणजे कोर्टात सिद्ध करायच्या गोष्टी, वेगळे आहेत, असं धरलं. एप्रिल २०२५ मध्ये तो दिल्लीत उतरला. त्याच हल्ल्यासाठी मुंबईची टेहळणी करणाऱ्या डेव्हिड हेडलीची बातमी आली तर मात्र वेळ घालवू नका. त्यानं गुन्हा कबूल करतानाच भारतात न पाठवण्याची अट पदरात पाडून घेतली होती.

आणि ‘सालेम सुटणार?’ अशी बातमी दर वर्ष-दोन वर्षांनी येते, तेव्हा कॅल्क्युलेटर घ्या. सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये सांगितलं, की २५ वर्षं १२ ऑक्टोबर २००५ पासून मोजायची.