कासव नर का मादी? उलटं न करता बघा

सोलापुरात बऱ्याच जणांकडं ते लाल कानाचं पाण्यातलं कासव असतं पण नर का मादी कळत नाही. पिल्लू असताना कळणारही नाही, पाठ 4-5 इंच होऊ द्या.

1. पारदर्शक डब्यात ठेवा, डबा नीट धरून वर उचला अन् मोबाईलनं खालून फोटो काढा, उलटं करायची गरजच नाही, बिचारं घाबरतं हो.
2. पुढची नखं लांबच लांब असली तर नर, आखूड असली तर मादी.
3. शेपटी बघाच, खरी खूण तीच. नराची लांब, जाड, अन् शेपटीखालचं छिद्र कवचाच्या कडेबाहेर येतं, मादीचं कडेच्या आतच.

नुसत्या साईजवर जाऊ नका, मोठी बहुतेक मादीच असते खरी, पण खात्री शेपटीवरूनच करा.

अन् नको झालं म्हणून सिद्धेश्वर तलावात सोडू नका, ही अमेरिकेतली जात, आपल्या कासवांचं खाणं पळवते.