घरफाळा जादा लागलाय? हरकत अशी घ्या

महापालिका घरावर लावते त्या कराला पुण्यात मिळकतकर म्हणतात, आपल्या कोल्हापुरात घरफाळा. कायदा दोन्हीकडे तोच, महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम. ‘फाळा फार आला, परवडत नाही’ एवढ्यावर कुणाचा आकडा खाली येत नाही. कराचे टक्के सुनावणीत बदलत नाहीत, बदलतात त्या तुमच्या घराच्या नोंदी. क्षेत्रफळ, वापर, बांधकामाचा प्रकार आणि वय या चारांपैकी काय चुकलंय ते आधी शोधा.

पहिली खूण बिलातच असते. सर्वसाधारण कर, वृक्ष कर, शिक्षण कर अशी यादी खालीपर्यंत वाचा. त्यात ‘रोजगार हमी कर’ दिसला आणि घरात तर फक्त राहणंच आहे, तर कुठलीतरी खोली दप्तरी अनिवासी लागली आहे. हा कर राहत्या जागेला नसतो. शिवाजी पेठेत किंवा मंगळवार पेठेत रस्त्याकडेच्या खोलीत कधीकाळी दुकान होतं, ते बंद पडलं, आता तिथं आजी झोपते, पण नोंदीत दुकान तसंच चालू. असं पुष्कळ ठिकाणी सापडतं.

आकारणी नव्यानं किंवा वाढवून लावताना महापालिका मालकाला विशेष नोटीस पाठवते. ती हातात पडली की तिच्यावरच तारीख टाका आणि पाकीट जपून ठेवा. हरकतीची मुदत नोटिशीत छापलेली असते. ती दोन-तीन आठवड्यांचीच असते आणि नोटीस मिळाल्यापासून मोजतात. हातात फक्त बिल असेल तर विशेष नोटीस कधी आणि कुणाला बजावली ते विचारा. जुन्या मालकाच्या किंवा वारलेल्या वडिलांच्या नावानं नोटीस गेली असेल, तर तेही अर्जात लिहा.

मग आपल्या विभागीय कार्यालयातून (गांधी मैदान, शिवाजी मार्केट, राजारामपुरी किंवा ताराराणी मार्केट) कर आकारणीचा उतारा आणि पाहणीचा तक्ता मागा. सोबत वॉर्ड आणि सि.स.नं. (सिटी सर्व्हे नंबर) लागतो. माहिती अधिकारात दहा रुपये फी भरून अर्ज केला की कागद मिळतात खरे, पण त्याला ३० दिवस लागू शकतात आणि तोवर मुदत निघून जाते. म्हणून आधी हरकत दाखल करायची, ‘कागद मिळताच पुरवणी म्हणणे देऊ’ अशी ओळ घालायची आणि मग माहिती मागायची.

आता टेप काढा. आतून १० बाय १२ फुटांची खोली १२० चौरस फूट होते. चारही बाजूंनी नऊ इंची भिंत धरून बाहेरून मोजली तर साडेअकरा बाय साडेतेरा, म्हणजे १५५.२५. एका खोलीत ३५ फुटांचा फरक! उताऱ्यात क्षेत्रफळ आतलं धरलंय की बाहेरचं, हे कळल्याशिवाय वाद घालू नका, नाहीतर आपलीच मोजणी खोटी ठरते. जिना, गॅलरी, पार्किंग आणि वरचं पत्र्याचं शेड वेगवेगळं लिहा. एकक तर तपासाच. १ चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट. फुटांचा आकडा मीटरच्या रकान्यात पडला तर घर कागदावर जवळजवळ अकरापट होतं.

नोटिशीत भांडवली मूल्य असेल तर ते रेडी रेकनरचा (सरकारी बाजारमूल्य तक्त्याचा) दर, क्षेत्रफळ आणि प्रकार, वापर, वय यांचे भारांक (त्या-त्या गोष्टीसाठी ठरवलेले गुणक) यांच्या गुणाकारातून येतं. एक आकडा चुकला की सगळा गुणाकार चुकतो. दगड-मातीच्या, कौलारू घराला आरसीसी लावलेलं असतं. मागं नवं न्हाणीघर बांधलं म्हणून सगळा वाडाच नवा धरलेला असतो. फ्लॅटची नोंद बिल्डरच्या नावानं एक आणि तुमच्या नावानं दुसरी, किंवा वाटणीनंतर दोघा भावांना पूर्ण घराची आकारणी, हेही चालू असतं. पाडलेलं बांधकाम मात्र लेखी कळवल्याशिवाय दप्तरातून जात नाही, तोवरचा कर आपल्याच माथी.

अर्ज आयुक्तांच्या नावे आणि ‘करनिर्धारक व संग्राहक, घरफाळा विभाग’ यांच्यामार्फत करा. एका पानात बसवा: दप्तरी नोंद काय, प्रत्यक्षात काय, पुरावा कोणता, मागणी काय. पुराव्याला प्रॉपर्टी कार्ड, मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र, जुनी घरफाळ्याची बिलं, घरगुती दराचं वीजबिल आणि फोटो लावा. वीजबिलावर व्यापारी दर छापलेला असेल तर आधी ते दुरुस्त करून घ्या, नाहीतर तोच कागद तुमच्या विरोधात जातो. शेजाऱ्याचं कमी बिल पुरावा म्हणून जोडायचा मोह आवरा. त्यानं तुमचं कमी होईलच असं नाही, पण त्याचं वाढेल आणि गल्लीत बोलणं बंद होईल. दोन प्रती करा, आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. तोंडी ‘बघतो’ला किंमत नाही.

सुनावणीची तारीख चुकवली तर निकाल तुमच्या गैरहजेरीत लागतो. तिथं फेरपाहणी लेखी मागा. पाहणीला कर्मचारी आले की टेपचं दुसरं टोक आपण धरा आणि आकडे भरल्याशिवाय कोऱ्या तक्त्यावर सही करू नका.

हरकत चालू आहे म्हणून भरणा थांबवू नका. बिल १ एप्रिल आणि १ ऑक्टोबर अशा दोन हप्त्यांत देय असतं आणि थकल्यावर दरमहा २ टक्के शास्ती (दंड) चढते. ‘हरकतीस अधीन राहून’ असं पत्र देऊन भरा, पावती ठेवा.

आदेश विरोधात गेला तर कलम ४०६ खाली वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशांकडे अपील आहे. मुदत १५ दिवसांची, आणि वादातली रक्कम आधी महापालिकेत जमा करावी लागते. हरकतच घेतली नसेल तर तिथं दार उघडत नाही. फरक दोन-चारशे रुपयांचा असेल तर वकिलाची फीच त्याहून जास्त होते. क्षेत्रफळ किंवा वापराची चूक असेल तर मात्र लढा, ती दरवर्षी बिलात येत राहते.