पावसाळी गढूळ पाणी आणि ठिबक: गाळ फिल्टरच्या पुढे जातो

पहिले मोठे पाऊस झाले की नदी-ओढ्याचे पाणी मातकट होते आणि ठिबकच्या तक्रारी सुरू होतात. फिल्टर नुकताच धुतलेला असतो, तरी नळीच्या टोकाची झाडे कोरडीच. फिल्टरला दोष देऊ नका. १२० मेशच्या (इंचाला १२० भोकांच्या) जाळीची भोके साधारण १३० मायक्रॉनची असतात; मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. पोयट्याचा (वाळूहून बारीक मातीचा) कण २ ते ५० मायक्रॉनचा, चिकणमातीचा त्याहून बारीक. पाणी गरगर फिरवून जड कण वेगळे करणारा हायड्रोसायक्लोनही वाळूच काढतो.

जाळीतून सुटलेला गाळ टोकाला बसतो, कारण प्रत्येक ड्रीपरमधून (थेंब सोडणाऱ्या तोटीतून) पाणी बाहेर पडून नळीतला वेग मंदावत जातो. त्यात शेवाळी चिकटा असला की कण एकमेकांना धरतात आणि ड्रीपरची वाट बुजते.

म्हणून गाळ पंपाच्या आधीच तळाशी बसू द्यायचा. काचेच्या बाटलीत पाणी भरून हलवा आणि ठेवून द्या. २० मायक्रॉनचा कण स्थिर पाण्यात एक मीटर खाली जायला पाऊण तास घेतो, २ मायक्रॉनचा सुमारे तीन दिवस. तासाभरात पाणी बऱ्यापैकी निवळले, तर हौद किंवा शेततळ्यात थांबवून काम भागेल. दुसऱ्या दिवशीही गढूळच राहिले, तर त्यात चिकणमाती जास्त आहे. अशा वेळी जमिनीत ओल असेतोवर पंप बंद ठेवणे सर्वांत स्वस्त. पाणी हौदाच्या एका टोकाला सोडा, उपसा दुसऱ्या टोकाकडून घ्या. फूटव्हॉल्व्ह (उपसा नळीच्या तोंडाची झडप) तळाशी टेकवू नका, तरंगत्या ड्रमला बांधून पृष्ठभागाखाली दीड-दोन फुटांवर ठेवा. त्याहून वर आणला तर हवा आणि शेवाळ ओढले जाते.

पाणी गढूळ आहे तोवर आठवड्यातून एकदा तरी नळ्या धुवा. क्रम चुकवू नका: आधी मेन (मुख्य नळी), मग सबमेन (उपनळी), शेवटी लॅटरल (ड्रीपर असलेली बारीक नळी). नळ्यांच्या टोकाच्या सगळ्या टोप्या एकदम उघडल्या की दाब पडतो, पाणी नुसते ओघळते आणि गाळ जागचा हलत नाही. हीच चूक सर्वाधिक होते. चार-पाच नळ्याच उघडा आणि वेग मोजा: १६ मिमी नळीच्या टोकातून एक लिटरची बाटली २० सेकंदांत किंवा त्याआधी भरली पाहिजे. जास्त वेळ लागला तर आणखी एक-दोन टोप्या लावा. पाणी स्वच्छ येईपर्यंत थांबा. आधी काळपट लोंढा येतो, तो संपला म्हणून लगेच टोपी लावू नका.

सँड फिल्टरमध्ये (वाळूच्या फिल्टरमध्ये) शिरणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या दाबात ०.५ किलोचा (प्रति चौरस सेंमी) फरक दिसला की बॅकवॉश करा, म्हणजे उलट्या दिशेने पाणी सोडून तो धुवा.

गाळासाठी ॲसिड सोडणे व्यर्थ आहे. ते क्षार विरघळवते, माती नाही. चिकट्यावर क्लोरीन चालते, पण ॲसिड आणि क्लोरीन कधीही एकत्र करू नका, विषारी वायू निघतो.