रेसिडेन्सीच्या अर्जात आधी माणसं लिहा

समाजासोबत प्रयोग करणाऱ्या रेसिडेन्सीसाठी, म्हणजे काही काळ एका ठिकाणी राहून कलाकाम करण्याच्या संधीसाठी, अर्ज करताना बहुतेक कलाकार स्वतःच्या शैलीबद्दल पानभर लिहितात आणि ज्यांच्याबरोबर काम करायचं, त्यांना 'स्थानिक समुदाय' या दोन शब्दांत उरकतात. अर्ज तिथेच कच्चा राहतो. कोण माणसं, कोणती गल्ली, त्यांच्याकडे वेळ कधी असतो, हे लिहा.

चित्र-शिल्पकार नवज्योत अल्ताफ यांचं बस्तरमधल्या कोंडागावचं काम जरूर अभ्यासा. तिथल्या आदिवासी कलाकारांसोबत त्यांनी हातपंपांभोवतीच्या जागा घडवल्या. पाणी भरणाऱ्या बायकांना भरलेला हंडा उचलताना कमी वाकावं लागावं, याचा विचार त्या रचनेत आहे. इतका नेमका तपशील अर्जात असला, की तुम्ही लोकांचं ऐकलं आहे हे वेगळं सांगावं लागत नाही.

प्रयोग म्हणजे उत्तर आधीच ठरलेलं नसतं. म्हणून 'शेवटी भित्तिचित्र होईल' असं ठाम आश्वासन देऊ नका. कोणता प्रश्न घेऊन जाताय, पहिल्या आठवड्यात काय करून पाहाल आणि लोकांनी नकार दिला तर काय बदलाल, हे सांगा. माझ्या मते हा परिच्छेद सगळ्यात महत्त्वाचा.

बजेटमध्ये सहभागी लोकांचं मानधन वेगळ्या ओळीत दाखवा. त्यांची मजुरी बुडते. फोटोंसाठी संमती कशी घ्याल आणि तयार झालेली वस्तू नंतर कोणाकडे राहील, हेही दोन वाक्यांत लिहा. दिल्लीच्या खिडकी एक्स्टेंशनमधल्या 'खोज'सारख्या कलासंस्थेकडे अर्ज करणार असाल, तर शक्य असल्यास आधी त्या वस्तीत फिरून या.