झोपाळ्यावरची दहा मिनिटे: कर्करोगातून उठलेल्यांसाठी आणि त्यांना सांभाळणाऱ्यांसाठी ध्यान

उपचार संपल्याचे डॉक्टरांनी सांगितले की घरी पेढे येतात, आणि अनेकांची झोप नेमकी त्यानंतर उडते. केमोथेरपी चालू असताना तारखा ठरलेल्या असतात, करायला काहीतरी असते. ती धावपळ थांबली की इतके दिवस दाबून ठेवलेली भीती डोके वर काढते, आणि पुढची तपासणी तीन महिन्यांनी असेल तर तिच्या आधीच्या आठवड्यात घरात कोणालाच धड घास जात नाही. ध्यानाचा उपयोग आहे तो इथे. ध्यानाने कर्करोग बरा होत नाही, आणि तसे सांगणाऱ्याच्या नादी लागू नये. मात्र उपचारांच्या काळात व त्यानंतर जाणवणारी चिंता आणि खिन्नता यांसाठी सजगतेच्या ध्यानाची (माइंडफुलनेस: या क्षणी जे जाणवते त्याकडे शांतपणे लक्ष देणे) शिफारस अमेरिकेतील कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनांनी २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत केली आहे.

बडोद्याच्या जुन्या घरांत झोपाळा असतोच; बसण्यासाठी त्याहून चांगली जागा शोधण्याची गरज नाही. पाठीला उशी घ्यावी, तळपाय जमिनीवर टेकवावेत आणि झोपाळा अगदी हलकेच हलू द्यावा. केमोमुळे तळपायांना बधिरपणा किंवा मुंग्या राहिल्या असतील, तर तोल जाण्याचा धोका असतो. अशांनी झोपाळ्याऐवजी हातांची खुर्ची घ्यावी. मांडी घालण्याचा आग्रह नको. पहिला आठवडा पाच मिनिटे पुरेत, नंतर दहा करावीत, आणि दुसऱ्या दिवशीही बसावेसे वाटेल इतपतच ती असावीत.

मन कशावर ठेवायचे, हा खरा प्रश्न आहे. सर्वसाधारणपणे श्वास सुचवला जातो, परंतु फुप्फुसाची शस्त्रक्रिया झालेल्या किंवा धाप लागणाऱ्या माणसाला श्वासाकडे पाहताच छाती भरून येऊ शकते. त्याने श्वास सोडून द्यावा आणि झोपाळ्याच्या कड्यांची करकर ऐकावी: पुढे जाताना एक आवाज, मागे येताना थोडा वेगळा. शरीरावरून पायांपासून डोक्यापर्यंत लक्ष फिरवण्याची पद्धतही चांगली आहे, पण स्तन काढलेल्या बाईला छातीपाशी येताच हुंदका आला, तर तो भाग गाळून खांद्यावर जाण्यात काहीही चुकत नाही. कपालभाती आणि श्वास रोखून धरण्याचे प्रकार, विशेषतः पोटाची शस्त्रक्रिया झालेल्यांनी, डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नयेत.

आता विचारांविषयी. १९०८ च्या जानेवारीत अरविंद घोष (पुढे योगी अरविंद म्हणून ओळखले गेलेले) सुरतेच्या काँग्रेस अधिवेशनानंतर बडोद्यात आले, तेव्हा विष्णु भास्कर लेले या मराठी योग्याच्या मार्गदर्शनाखाली ते तीन दिवस ध्यानाला बसले होते. विचार बाहेरून येताना दिसतील, ते आत शिरण्यापूर्वीच परतवून लावावेत, अशी लेल्यांची सूचना होती. ज्याने वर्षभर शरीराशी झुंज दिली आहे, त्याला मात्र मी उलट सांगेन. विचाराला परतवू नये, त्याला नाव द्यावे. ‘पुन्हा गाठ आली असेल का?’ हा विचार आला की मनात ‘भीती’ एवढेच म्हणावे आणि कड्यांच्या आवाजाकडे परतावे. तो दहा वेळा येईल, दहा वेळा परतावे. हे परतणे म्हणजेच ध्यान. नातेवाईक देत असलेला ‘फक्त चांगला विचार करा’ हा सल्ला मला घातक वाटतो, कारण त्यामुळे घाबरणाऱ्याला आपण घाबरतो याचाही अपराध वाटू लागतो.

शुश्रूषा करणाऱ्याने वेगळे बसावे, रुग्णाच्या शेजारी नव्हे. शेजारी बसला की त्याचा कान रुग्णाच्या खोकल्याकडेच राहतो. घरात वेळ मिळत नसेल, तर रुग्ण तपासणीसाठी आत गेल्यावर बाहेरच्या बाकावर मिळणारी मिनिटे वापरावीत. मांडीवर रिपोर्टांची जाड फाइल असते; डोळे उघडेच ठेवून तिचे वजन, तिच्या प्लास्टिकच्या कडेचा बोटांना होणारा स्पर्श, बोटांखाली घामाने ओलसर झालेला कोपरा, एवढेच जाणवू द्यावे. ‘हे एकदाचे संपू दे’ असा विचार त्याच्याही मनात येतो आणि पाठोपाठ स्वतःची लाज वाटते. त्या विचाराचे नाव ‘थकवा’ आहे. त्यावरून माया आटली असे ठरत नाही.

नवरात्रात हे सारे कोलमडते, कारण बडोद्यात गरब्याच्या नऊ रात्री शांतता मागण्यात अर्थ नसतो. त्या दिवसांत ढोलाचाच आधार घ्यावा आणि तो कधी थांबेल याची वाट न पाहता जवळचा ठेका कोणता, दूरचा कोणता, एवढे ऐकावे.

डोळे मिटताच शस्त्रक्रियेचे किंवा अतिदक्षता विभागाचे प्रसंग समोर उभे राहू लागले, तर नेटाने बसून राहू नये. डोळे उघडावेत, खोलीतल्या पाच वस्तूंची नावे मोठ्याने घ्यावीत, पाणी प्यावे आणि चार पावले चालावे. दोन आठवडे मन खचलेलेच राहिले, किंवा जगणे नको वाटू लागले, तर ध्यानावर विसंबू नये. डॉक्टरांना स्पष्ट सांगावे, आणि १४४१६ या क्रमांकावर टेली-मानस ही सरकारी सेवा चोवीस तास मोफत मिळते, तिथेही बोलावे. ही मदत रुग्णाइतकीच शुश्रूषा करणाऱ्यासाठीही आहे.

रिपोर्टाच्या दिवशी लांबलचक बैठकीचा प्रयत्न करू नये, ती जमत नाही. पाकीट कोण उघडणार आणि मोठ्याने कोण वाचणार, हे आदल्या संध्याकाळी ठरवून ठेवावे; पाकीट हातात आल्यावर दोघांनी तळपाय जमिनीवर टेकवावेत, तीन सावकाश श्वास होऊ द्यावेत, आणि मग ते उघडावे.